चिंचेनं घासलेला पैसा

माझ्या तरुणपणातले सगळे शुक्रवार एका आवाजात वाया गेले. आधी बारीक गुणगुण, मग मध्येच कानठळ्या बसवणारी किंचाळी, आणि त्या किंचाळीच्या मागोमाग बाबांचं ठरलेलं वाक्य, "प्रज्ञा, खण!" बहरीनमध्ये शुक्रवार म्हणजे सुट्टी. माझ्या वर्गातल्या मुली त्या दिवशी दुपारपर्यंत झोपायच्या आणि संध्याकाळी मॉलमध्ये फिरायच्या. मी मात्र हिद्दच्या किनाऱ्यावर, ओहोटीच्या चिखलात गुडघे टेकून, आईच्या जुन्या उलथन्यानं थंड पेयांच्या डब्यांची झाकणं उकरत बसायचे. बाबा कानाला हेडफोन लावून, पायजमा पोटरीपर्यंत दुमडून, यंत्राची थाळी वाळूवरून डावीउजवीकडे फिरवत पुढे जायचे. आजूबाजूला मासे पकडणारी माणसं थांबून बघायची. एखादा म्हातारा बहरीनी हसून विचारायचा, "दहब?" म्हणजे सोनं मिळालं का. बाबा दोन्ही हात हलवून म्हणायचे, "मफी, मफी." काही नाही, काही नाही. आणि मी देवाला नाही, कारण आमच्या घरात देव नव्हता, पण ज्याला कुणाला ऐकू जात असेल त्याला म्हणायचे, की हे यंत्र एकदाचं मोडू दे.

यंत्र मोडलं नाही. चांगलं दणकट होतं. बाबांच्या प्लांटमधला एक फिलिपिनो सहकारी नोकरी सोडून कायमचा घरी निघाला तेव्हा जाता जाता सगळ्यांना काही ना काही देऊन गेला. कुणाला पंखा मिळाला, कुणाला सायकल, कुणाला भात शिजवायचा कुकर. आमच्या वाट्याला हे जमिनीतला धातू शोधायचं यंत्र आलं. आई पुढे कितीतरी दिवस म्हणत होती, "पंखा तरी मागायचा होता वो. लोकाईच्या घरी काय काय आलं, न् आपल्या घरी पाह्यनं, ही काठी."

आमचं घर हमद टाउनमध्ये, एका गोल चौकाच्या कडेला, तळमजल्यावर. दिवसभर चौकाला वळसा घालणाऱ्या गाड्या, एसीची घरघर, शेजारच्या मशिदीतली बांग आणि आमच्या कुकरच्या शिट्ट्या. बाबा मआमीरकडच्या एका प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होते. शिफ्टवरून आले की त्यांच्या कपड्यांना अंड्यांसारखा उग्र वास यायचा आणि आई ते बादलीत वेगळे भिजवायची. आई मूळची भंडाऱ्याकडची, आणि बहरीनमध्ये कितीही वर्षं काढली तरी तिचं स्वयंपाकघर भंडाऱ्यातच राहिलं. गावाहून येणाऱ्या प्रत्येकाकडून ज्वारीचं पीठ, मुंगवड्या, लाल मिरची आणि काळी पडलेली जुनी चिंच मागवली जायची. शुक्रवारी ती आम्हाला डब्यात चून-भाकर आणि ठेचा द्यायची. खुबूस घ्या, सोपं पडेल, असं मी म्हणायचे, तर ती म्हणायची, "त्या मैद्याच्या पोळीनं काय खणणं होते का तुझ्यानं?" त्या भाकरीत वाऱ्यानं वाळू जायची. अजूनही ज्वारीची भाकर खाताना मी पहिला घास सांभाळून चावते.

घरी आल्यावर दुसरा अंक. बाबा सापडलेला सगळा माल बादलीत धुवायचे आणि जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर मांडायचे. त्याच टेबलावर माझं केमिस्ट्री असायचं. माझं बारावीचं वर्ष, आणि माझ्या वहीच्या शेजारी गंजलेले खिळे, जाळ्याची शिशाची वजनं, चमच्यांच्या दांड्या आणि काळी पडलेली फिल्सची नाणी. बाबा एकेक वस्तू भिंगाखाली धरायचे. प्लांटमध्ये जशी गेजची रीडिंग घेतात तशी. "हे पाह्य. हे पितळ आहे." मी म्हणायचे, "सो?" त्या काळी मी घरात सगळी उत्तरं इंग्रजीतच द्यायचे. ते मराठीत बोलायचे, मी इंग्रजीत, आणि आमचं भांडण तरीही व्यवस्थित पार पडायचं.

हे वेड नुसतं वेड असतं तर मी सोसलं असतं. पण बाबांच्या वेडाला एक सिद्धांत होता. कुठल्याशा जुन्या मासिकात त्यांनी वाचलं होतं की दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडचे व्यापारी समुद्रमार्गे या बाजूला यायचे, त्यांतले बरेच बौद्ध होते, आणि त्या काळच्या नाण्यांवर तीन कमानींचा चैत्य आणि वर चंद्रकोर कोरलेली असायची. झालं! तेव्हापासून बाबांना बहरीनच्या वाळूत ते एक नाणं हवं होतं. कुणी ऐको न ऐको, ते सांगायचे, "आपले लोक इथं व्हिसावर पहिल्यांदा नाही आले. स्वतःच्या जहाजानं आले होते. मान वर करून." आई चपाती लाटता लाटता म्हणायची, "तुमी मान खाली घालून वाळूत पाह्यता, तेवढं पुरे आहे. पोलिसानं पकडलं तर व्हिसा खलास." त्यावर बाबा तिला कायदा समजावायचे. जुन्या थडग्यांच्या टेकाडांजवळ, कुंपणाच्या आत पाऊल टाकायचं नाही, फक्त किनाऱ्यावर फिरायचं, आणि खरंच जुनं काही निघालं तर दुसऱ्या दिवशी म्युझियमला नेऊन द्यायचं. आई कायदा पूर्ण ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तरी पण."

या सिद्धांताचं मूळ कुठे होतं ते मला आईकडून कळलं, आणि तेही भांडी विसळताना, मधूनच. बाबांच्या शिफ्टमध्ये एक मराठी माणूस नवा आला होता. पहिल्या दिवशी खूप गप्पा झाल्या, गाव कुठलं, शिक्षण कुठं. मग त्यानं आडनाव विचारलं. दुसऱ्या दिवशीपासून तो पाण्याचा ग्लास घरून आणायला लागला. बोलणंचालणं तेच, हसणं तेच, फक्त ग्लास वेगळा. बाबा घरी याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, पण त्याच आठवड्यात ते यंत्र माळ्यावरून खाली आलं. हे ऐकून मला त्या माणसाचा संताप आला आणि बाबांचाही आला. तोंडावर बोलायचं सोडून हे वाळू काय उपसतात! तेव्हा मला असंच वाटायचं, आणि आजही थोडंसं वाटतंच.

तर अशा एका शुक्रवारी यंत्र किंचाळलं, मी खणलं, आणि उलथन्याच्या टोकावर चिखलाचा गोळा आला. त्यात एक जाडसर चकती. वरून हिरवी-काळी, खडबडीत, कडेनं थोडी झिजलेली. मी ती नेहमीसारखी बादलीत टाकणार तोच बाबांनी माझं मनगट धरलं. तिथंच, भर उन्हात, त्यांनी भिंग काढलं. बराच वेळ बघितलं. मग हेडफोन गळ्यात उतरवला आणि मला म्हणाले, "कमानी दिसून राहिल्या का तुला? एक, दोन, तीन. वर चंद्र." मी बघितलं. एका बाजूला वरच्या अंगाला खरंच काहीतरी कमानीसारखं होतं. उन्हात डोळे बारीक करून बघितलं तर मला त्यात उंटसुद्धा दिसला असता, पण बाबांचा आवाज असा झाला होता की मी म्हटलं, "यस, मेबी." त्या एका 'मेबी'वर त्यांनी परत येताना सगळ्या रस्त्यात गाणी म्हटली.

आता त्या किनाऱ्यावर समुद्र नाही. भराव टाकून टाकून पाणी पार लांब नेलंय आणि वर इमारती उभ्या केल्यात. त्यांतल्याच एकीत मी नवऱ्याबरोबर राहते. त्याची नोकरी बंदराकडे आहे. बाबांनी जिथं माझं मनगट धरलं ती जागा बहुधा आमच्या पार्किंगखाली कुठेतरी असेल. गाडी लावताना मला कधी कधी ते आठवतं, आणि मग मी गाडी वाकडी लावते.

पुढचे दिवस म्हणजे छळ होता. नाणं घासायचं नाही, असं बाबांनी वाचलं होतं. ऑलिव्हच्या तेलात बुडवून ठेवायचं, मळ आपोआप सुटतो, घाई करायची नाही. स्वयंपाकघरातल्या फळीवर तेलाची वाटी बसली आणि घराला हुकूम झाला, "कुणी हात लावायचा नाही." बाबा शिफ्टवरून आले की बूट काढायच्या आधी वाटी बघायचे. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी रामटेके काकांना फोन केला. रामटेके काका एका कंपनीत अकाउंट्स बघायचे आणि आमच्या लोकांचे सगळे कार्यक्रम भरवायचे. मे महिन्यात बुद्ध जयंती होती. हॉल ठरला होता. बाबांनी भाषणाला वेळ मागितला, विषय 'प्राचीन बहरीन आणि आपले व्यापारी', आणि भाषणाच्या शेवटी प्रत्यक्ष नाणं दाखवणार. रामटेके काका थट्टेखोर माणूस. पलीकडून म्हणाले, "पाह्य बाप्पा, मी सगळ्याईले सांगून ठेवतो. मंग त्यातून कोल्ड्रिंकचं झाकण नको निघाले." बाबा हसले नाहीत. त्या दिवसापासून जो भेटेल तो विचारायला लागला, "काय मग, नाणं काय म्हणते?" आणि मला शाळेची चाचणी परीक्षा तोंडावर असताना ते भाषण टाइप करायला बसवलं. बाबा येरझाऱ्या घालत सांगायचे, मी टाइप करायचे. 'मान वर करून' हे त्या भाषणात इतक्यांदा आलं की मी चिडून निम्म्या जागी गाळून टाकलं. त्यांनी ते पेननं परत घातलं.

जयंतीच्या आदल्या दिवशी आईचा एक नेम होता, अजूनही आमच्या घरात तो आहे. पितळेची बुद्धमूर्ती, तिची बैठक, मेणबत्त्यांचे स्टँड आणि आईच्या आईनं दिलेला तांब्याचा गडवा, हे सगळं चिंच-मिठानं घासून लख्ख करायचं. बाजारातली पावडर तिला चालायची नाही. चिंच कोमट पाण्यात भिजवायची, मीठ घालून कोळायची आणि अंगठ्यानं घासत बसायचं. तांबं काळं पडलेलं असलं की तिला स्वतःचं तोंड न धुतल्यासारखं वाटायचं. त्या गुरुवारी मी शाळेतून आले तर स्वयंपाकघरात आंबट वास भरलेला, ओट्यावर मूर्ती सोन्यासारखी चमकत होती, गडवा लालबुंद. आणि आई सिंकसमोर पाठमोरी उभी. नळ वाहत होता आणि ती बंद करत नव्हती. पाण्याच्या बाबतीत ती बाई असं कधीच करत नाही.

मी विचारलं, "व्हॉट हॅपन्ड?" तिनं ओली मूठ उघडली. तळहातावर नवाकोरा, तांबूस, झगझगीत पैसा. आणि त्यावर शाळेतल्या फळ्यासारखं स्वच्छ लिहिलेलं, 'वन क्वार्टर अॅना', खाली 'इंडिया', आणि त्याखाली साल. माझ्या आजोबांच्या वेळचं साल! मी तो उलटा केला. दाढीवाला गोरा राजा, अंगावर भरजरी झगा, डोक्यावर मुकुट. मुकुटाच्या कमानी सुबक दिसत होत्या. बाबांचा चैत्य इंग्रजाच्या डोक्यावर बसला होता.

"उद्या लोकं पाहतीन," आई म्हणाली. "असं हिरवं-काळं, शेवाळलेलं पुढ्यात ठेवाचं? म्हणून म्या जरासंक... जरासंच घासलं होतं वो माय. मंग अक्षरं दिसाले लागली." कुणावर ओरडावं तेच कळेना. आईवर, की जिनं हात लावू नका म्हटलेल्या एकमेव वस्तूला चिंच लावली? बाबांवर, की ज्यांनी एका मुकुटावर सगळं भाषण रचलं? त्या रामटेके काकांवर, की ज्यांनी अख्ख्या बहरीनला सांगून ठेवलं? तेवढ्यात आईनं गॅस पेटवला. म्हणाली, "तव्यावर धरून काळा करू का? तेलात टाकून देऊ परत. त्याइले काय कळते?" मी म्हटलं, "आई, प्लीज!" आणि गॅस बंद केला. तिनं पुन्हा पेटवला. मी पुन्हा बंद केला. आम्ही दोघी अशा गॅसच्या बटणाशी झटापट करत असताना बाबा दारातून आत आले आणि सवयीनं फळीकडे गेले. वाटीत नुसतं तेल होतं.

आईनं पैसा पुढे केला आणि रडायलाच लागली. बाबांनी तो घेतला. भिंग लागलंच नाही. त्यांनी वाचलं, उलटा केला, राजाकडे बघितलं, परत उलटा केला. माझ्या बापाचा आवाज मी फार क्वचित चढलेला ऐकला होता, आणि आज तो चढावा असं मला मनापासून वाटत होतं, म्हणजे मला पण ओरडता आलं असतं. पण ते आईला म्हणाले, "तू काहून रडून राहिली? तू थोडीच छापला तो?" मग त्यांनी चहा मागितला. चहा होईपर्यंत ते जेवणाच्या टेबलाशी बसून पैशावरून अंगठा फिरवत राहिले. चेहऱ्यावर काहीतरी भलतंच आलं होतं. निराशा नव्हे. जत्रेत खूप वर्षांनी एखादं नको असलेलं माणूस दिसावं तसं.

"ढब्बू पैसा आहे हा," ते म्हणाले. "मी ओळखतो याला."

"कॅन्सल इट," मी म्हटलं. "कॉल रामटेके अंकल, नाउ. टेल हिम यू हॅव फीव्हर." ते पैसा उलटसुलट करत राहिले. "बाबा, लोक हसतील. तुम्हाला कळतंय का?" हे मात्र मी मराठीत म्हटलं, आणि बहुधा म्हणूनच त्यांनी मान वर केली. "पाहू उद्या," ते म्हणाले, "इंशाल्ला." इथं जन्म काढलेल्या माणसाला इंशाल्लाचा अर्थ सांगावा लागत नाही. होईलही, नाहीही, आणि तू आता विचारू नको. मी पाय आपटत खोलीत गेले आणि केमिस्ट्री उघडून काही न वाचता बसले.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला होता. सगळे पांढऱ्या कपड्यांत, पुढे आईनं घासलेली मूर्ती, मागच्या टेबलांवर खिरीची पातेली. वंदना झाली, पंचशील झालं. मग रामटेके काका माइकवर आले आणि म्हणाले, "आता ज्याची सगळे वाट पाहून राहिले ते. भाऊ, आले का तुमचे व्यापारी? का अजून इमिग्रेशनमध्येच हायेत?" हॉल खळखळून हसला. मी मान खाली घातली. बाबा उठले. भाषणाचे कागद त्यांच्या खिशातच राहिले.

"व्यापारी नाही आले," बाबा म्हणाले. "हे जुनं नाणं नाही. इंग्रजाच्या राज्यातला ढब्बू पैसा आहे. इथं पण तेव्हा हाच चालायचा, म्हणून वाळूत सापडला. मी चुकलो." पुन्हा हशा झाला, रामटेके काकांनी टाळी वाजवली. बाबा तो संपायची वाट बघत थांबले. "पण मी याला ओळखतो. मी लहान होतो. माझी आजी मला बोट धरून गावातल्या दुकानात न्यायची, मीठ न् तेल आणायला. ओट्यावर चढायचं नाही. खाली एक दगड होता, पैसा त्या दगडावर ठेवून आजी मागं सरकायची, मला पण मागं ओढायची. मग दुकानदार तांब्यातलं पाणी त्या पैशावर शिंपडायचा. मग उचलायचा. मीठ वरून टाकायचा, आजीच्या पदरात. निम्मं खाली सांडायचं." हॉलमध्ये आता कुणी हसत नव्हतं. "तेव्हा मला वाटे, पैसा मळला असेल, म्हणून धुते. त्याला आमचा पैसा चालायचा. हात चालायचा नाही."

बाबांचा आवाज चढला नव्हता, पण माइक त्यांनी घट्ट धरला होता. "मी दोन हजार वर्षं मागं जाऊन मान वर करायला पाहत होतो. आमच्या घरच्यांनी घासून घासून मला परत त्या दगडापाशी आणलं. तर आता मी एवढंच म्हणतो, हा पैसा सगळ्यांनी हातात घ्या. खाली ठेवायचा नाही. या हातातून त्या हातात द्या." आणि त्यांनी तो सर्वांत आधी रामटेके काकांपुढे धरला. काकांनी थट्टा करायला तोंड उघडलं असावं, कारण ते उघडंच राहिलं. त्यांनी पैसा घेतला, मूठ मिटली, आणि थोड्या वेळानं शेजारच्याच्या तळहातावर ठेवला. असा तो पैसा ओळीओळीनं हिंडला. कुणी बघायचं, कुणी न बघताच मूठ आवळायचं. कुणाची तरी व्हिजिट व्हिसावर आलेली म्हातारी आई होती, तिच्यापाशी तो बराच वेळ अडकला. ती सोडायलाच तयार नव्हती. आईनं हात पदराला पुसून मग घेतला. तिच्या अंगठ्याला अजून चिंचेचा वास असणार. सगळ्यांत शेवटी बाबा माझ्यासमोर आले. "प्रज्ञा, धर," म्हणाले. पैसा गरम लागला, एवढ्या हातांतून आला होता तो. मी रडले, आणि रडताना सुद्धा मला राग येत होता, की हे कालच सांगितलं असतं तर मी एवढी कशाला भांडले असते!

म्युझियममधल्या बाईंनी तो बघून हसून परत दिला. असले आमच्याकडे पोत्यानं पडलेत, म्हणाल्या. यंत्र बाबांनी पुढे कुणाला तरी देऊन टाकलं आणि माझे शुक्रवार मोकळे झाले. त्या मोकळ्या शुक्रवारांत मी काय केलं ते मला आठवत नाही. बाबा आता नाहीत. पैसा माझ्याकडे आहे, परत काळा पडलाय, आणि दरवर्षी जयंतीच्या आदल्या दिवशी मी त्याला चिंच लावते. माझी मुलगी म्हणते, ते फार चूक आहे, जुनी नाणी घासायची नसतात. तिनं वाचलंय.

माझ्यामुळे तिला फार वैताग येतो. आमच्या इमारतीखाली कोल्ड स्टोअर आहे, म्हणजे इथलं किराणा दुकान, आणि तिथला नवा पोरगा सुट्टे पैसे काउंटरवर ठेवून देतो. त्याच्या मनात काही नसतं, मला ठाऊक आहे, घाईत असतो बिचारा. शंभर फिल्सला इथली म्हातारी माणसं अजून रुबिया म्हणतात. तो रुबिया काचेवर वाजतो, आणि मी हात पुढे करून तशीच उभी राहते. मागे रांग लागते. मुलगी कानाशी येऊन दात-ओठ खात म्हणते, "मम्मी, जस्ट टेक इट!" पोरगा गोंधळून बघतो. मी हात मागे घेत नाही. मी म्हणते, "हाथ में दे, बेटा."